पैठणच्या वरचे पाणी

महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद शंकरराव चव्हाण यांच्याकडे दोनदा आले. पहिल्यांदा २१ फेब्रुवारी १९७५ ते १६ मे १९७७ आणि दुसऱ्यांदा १२ मार्च १९८६ ते २६ जून १९८८. दोन्ही मिळून जेमतेम साडेचार वर्षे होतात. वसंतराव नाईकांच्या अकरा वर्षांशेजारी ठेवला तर हा काळ फारच थोडा वाटतो. राज्याच्या इतिहासावरच्या बहुतेक लेखनातही शंकररावांच्या वाट्याला एखाद-दुसरा परिच्छेद येतो: शिस्तीचे कडक, ‘हेडमास्तर’ म्हणून ओळखले गेलेले, दिल्लीशी एकनिष्ठ, केंद्रात गृहमंत्री आणि अर्थमंत्री राहिलेले. यातले काहीच खोटे नाही. पण मराठवाड्यात राहणाऱ्या माणसाला एवढ्यावर भागवता येत नाही. आज छत्रपती संभाजीनगरच्या नळाला जे पाणी येते, जेव्हा केव्हा येते तेव्हा, ते पैठणहून येते. पैठणला धरण का झाले, त्याच्या वरच्या पाण्यावर हक्क कोणाचा ठरला आणि तो हक्क पुढे कसा विरळ होत गेला, हे समजून घ्यायचे तर शंकररावांच्या कारकिर्दीपाशी थांबावेच लागते.

पुढच्या पानांत त्यांचे आयुष्य क्रमाने येईलच. या प्रस्तावनेत मला तो क्रम पाळायचा नाही. स्वातंत्र्यानंतर मागास प्रांतातून वर आलेल्या सुधारकाला नेमके काय करता येते आणि कुठे त्याचा हात अडतो, या एकाच प्रश्नाच्या उजेडात मी हे आयुष्य वाचले आहे. वाचकांपुढे तोच प्रश्न ठेवतो.

हा प्रश्न काही आपल्यापुरता नाही. मेक्सिको १८२१ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झाला. त्यानंतर आठ वर्षांनी झाकातेकास या प्रांताच्या गव्हर्नरपदी फ्रान्सिस्को गार्सिया सालिनास आला. चांदीच्या खाणींचा हा प्रांत. खाणींचे उत्पन्न प्रांताच्याच कामी यावे, मोठ्या जमीनदाऱ्या विकत घेऊन भूमिहीनांना जमीन द्यावी, शाळा काढाव्यात, असा त्याचा कार्यक्रम होता. १८३४ पर्यंत तो पदावर होता. पुढच्याच वर्षी राजधानीतून सेनानी सांता आन्ना सैन्य घेऊन आला आणि गार्सियाच्या नेतृत्वाखाली लढलेल्या प्रांतिक फौजेचा त्याने पाडाव केला. परकी सत्ता गेली म्हणजे प्रांत मोकळा झाला असे होत नाही; राजधानी आणि प्रांत यांच्यातला हिशेब तिथून पुढे सुरू होतो. भारताने तो हिशेब बंदुकीने केला नाही, ही आपल्या राज्यघटनेची मोठी कमाई. तरी मुख्यमंत्री मुंबईत बसणार की जाणार हे दिल्लीत ठरत होते, आणि शंकररावांच्या दोन्ही कारकिर्दी लहान का राहिल्या याचे उत्तर बऱ्याच अंशी तिथेच आहे.

१४ जुलै १९२० रोजी पैठणला शंकररावांचा जन्म झाला. पैठण तेव्हा निजामाच्या राज्यात होते. एकनाथांची समाधी, नाथषष्ठीची यात्रा, पैठणीचे माग आणि पुढ्यातून वाहणारी गोदावरी. नदी भरून वाहायची. काठापासून काही कोसांवरचे शेत मात्र पावसाच्या भरवशावर. निजामाच्या कारभाराला पाटबंधाऱ्यांचे ज्ञान नव्हते असे कोणी म्हणू नये. नवाब अली नवाज जंग यांच्यासारखा नामांकित अभियंता त्यांच्याकडे होता आणि १९३१ मध्ये मांजरा नदीवर निजामसागर उभा राहिला. मांजरा उगम पावते बीड जिल्ह्यातल्या डोंगरांत. तिचे पाणी साठले निजामाबाद जिल्ह्यात आणि भिजली तिथली जमीन. मराठवाड्याची गरज हैदराबादच्या कागदांवर फार खालच्या ओळीत होती. पुढे शंकररावांनी पाण्याच्या प्रत्येक प्रश्नात नदीचा वरचा भाग आणि खालचा भाग यांचा जो काटेकोर हिशेब धरला, त्याची मुळे मला या बालपणीच्या भूगोलात दिसतात.

उस्मानिया विद्यापीठातून कायद्याची पदवी, वकिलीची सुरुवात, स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन हैदराबाद मुक्तिसंग्रामात उडी, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची शरणागती: हा प्रवास त्या पिढीतल्या अनेकांचा आहे. १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्याने संरक्षित कुळांना जमिनीवर हक्क दिला, तेव्हा देशातल्या फार थोड्या प्रांतांत तसे धाडस झाले होते. मुक्तिसंग्रामातून आलेल्या कार्यकर्त्यांना कायद्याने काय साधता येते याचा तो पहिला धडा होता. शंकरराव १९५२ ते १९५६ नांदेडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. नळ, गटारे, जकात, रस्ते, थकबाकी. या चार वर्षांकडे चरित्रकार सहसा फिरकत नाहीत. मला ती महत्त्वाची वाटतात, कारण सत्ता म्हणजे वर्षअखेरीला जुळवून दाखवायची वही, हा त्यांचा पुढचा सगळा स्वभाव तिथल्या टेबलावर घडलेला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे, औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, मुंबई राज्यात आले. मराठवाडा विनाअट आला, हे वाक्य आमच्याकडे घराघरांत माहीत आहे; अभिमानाने म्हटले जाते आणि तक्रारीच्या सुरातही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात निधी, शिक्षण आणि नोकऱ्यांमध्ये लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा देण्याची बोलणी झाली होती. करारातले शब्द शासनाच्या खर्चात उतरवायला मात्र आतला माणूस हवा होता. १९५६ मध्ये महसूल खात्याचे उपमंत्री आणि १९६० पासून बाराएक वर्षे पाटबंधारे आणि वीज खात्याचे मंत्री अशा पदांवरून शंकररावांनी ते आतले काम केले.

या बारा वर्षांचा सगळ्यात मोठा ऐवज जायकवाडी. धरण पैठणला आहे, मग नाव जायकवाडी का, असे बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो. हैदराबाद राज्याच्या काळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ गोदावरी अडवायची योजना आखली गेली होती. राज्यपुनर्रचनेनंतर नव्याने पाहणी झाली आणि जागा नदीच्या वरच्या अंगाला, पैठणला सरकली. वर अडवलेले पाणी उंचावर राहते, कालव्याला उतार मिळतो आणि जास्त जमीन भिजते. नाव मात्र जुनेच राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली. पाकिस्तानबरोबरचे युद्ध थांबून महिनाही झाला नव्हता, धान्याची टंचाई होती, आणि पंतप्रधान पैठणला धरणाचा पहिला दगड बसवायला आले. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते धरण राष्ट्राला अर्पण झाले. तेव्हा मुख्यमंत्री होते त्याच गावात जन्मलेले शंकरराव.

धरणाच्या भिंतीवर उभे राहिल्यावर काय दिसते ते सांगायला हवे, कारण जायकवाडीच्या गुणदोषांचे मूळ त्या दृश्यातच आहे. भिंत मातीची, सुमारे दहा किलोमीटर लांब, पाण्याच्या बाजूने दगडी पिचिंग, मधल्या चिरेबंदी भागात सत्तावीस दरवाजे. कोयनेला किंवा भंडारदऱ्याला जसे डोंगर पाण्याला कवेत घेतात तसे इथे नाही. सपाट मैदान आहे, आणि पाणी त्यावर साडेतीनशे चौरस किलोमीटरपर्यंत पसरते. भरलेल्या वर्षी पलीकडचा काठ दिसत नाही. साठवण १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात, म्हणजे राज्यातल्या सगळ्यात मोठ्या जलाशयांपैकी एक. पण उथळ आणि पसरट. मराठवाड्याच्या उन्हात एवढ्या पृष्ठभागावरून होणारे बाष्पीभवन हा जायकवाडीचा कायमचा खर्च आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. डावा कालवा २०८ किलोमीटर, जालना आणि परभणीकडे. उजवा १३२ किलोमीटर, बीडकडे. दोन लाख हेक्टरांहून अधिक जमीन भिजवण्याचा अंदाज.

आणि पाण्याखाली गेलेली गावे. पैठण, गंगापूर, वैजापूर, तसेच नगरकडच्या नेवासा आणि शेवगाव तालुक्यांतली शंभरावर गावे बुडिताच्या फटक्यात आली. काठची काळीभोर गाळाची जमीन त्यांनी दिली आणि अनेकांच्या वाट्याला दूरची, हलकी जमीन आली. धरणाचा हा जलाशय, नाथसागर, आटतो त्या वर्षी जुनी देवळे आणि घरांची जोती उघडी पडतात आणि म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन ती बघायला जातात. शंकररावांचे स्वतःचे गाव या धरणाशेजारी उभे आहे; बुडितातल्या माणसांचे दुःख त्यांना ऐकून माहीत नव्हते, दारात दिसत होते. पुनर्वसनाचा कायदा राज्यात १९७६ मध्ये झाला, म्हणजे जायकवाडीच्या विस्थापितांसाठी फार उशिरा. सुधारकाच्या खात्यावर ही बाकी मांडलीच पाहिजे, आणि मी ती मांडतो.

आता ज्या कागदासाठी ही प्रस्तावना लिहायला बसलो त्याकडे येतो. ६ ऑक्टोबर १९७५. महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात गोदावरीच्या पाण्याबद्दल करार झाला. आंध्रचे मुख्यमंत्री जलगम वेंगळराव, महाराष्ट्राचे शंकरराव चव्हाण. गोदावरीच्या पाणीतंट्यासाठी बच्छावत लवाद १९६९ पासून बसला होता, दोन्ही बाजूंचे वकील आणि अभियंते वर्षानुवर्षे आकडे मांडत होते. करारातली मुख्य कलमे थोडक्यात अशी: गोदावरीवर पैठण धरणापर्यंत आणि पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरणापर्यंत येणारे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. त्या जागांच्या खाली, आंध्रातल्या पोचमपाड धरणापर्यंतच्या भागात, महाराष्ट्राने नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसीपेक्षा जास्त पाणी घेऊ नये. १९८० च्या अंतिम निवाड्यात लवादाने हे करार सामावून घेतले.

या कलमांचे वजन लक्षात यायला नकाशा समोर ठेवावा. त्र्यंबकेश्वरापासून पैठणपर्यंतचे गोदावरीचे सगळे खोरे, दारणा, प्रवरा, मुळा या उपनद्यांसह, कोणत्याही खालच्या राज्याच्या तक्रारीतून मोकळे झाले. पैठण धरण त्या सीमेवरचा खुंट झाला. निजामाच्या काळात वरच्या माणसाच्या हक्काला हैदराबादेत कोणी विचारत नव्हते; आता हैदराबादच्याच सरकारने सही करून तो मान्य केला. मुक्तिसंग्रामातून आलेल्या माणसाच्या हातून हे घडावे यात मला फार मोठा अर्थ वाटतो. खालच्या ६० टीएमसीचा उपयोगही त्यांनी नुसता कागदावर ठेवला नाही. नांदेडजवळचा विष्णुपुरी उपसा प्रकल्प त्यातूनच उभा राहिला. त्याच्या जलाशयाला आज शंकर सागर म्हणतात. माजलगाव, ऊर्ध्व पैनगंगा, येलदरी आणि सिद्धेश्वर यांची नावेही मराठवाड्यातला शेतकरी शंकररावांच्या नावाला जोडूनच घेतो.

त्याच काळाची दुसरी बाजू काळी आहे. पद मिळाल्यावर चार महिन्यांत, २५ जून १९७५ ला, आणीबाणी आली. शंकररावांनी ती राबवली. सचिवालयाचे मंत्रालय झाले, कर्मचारी वेळेवर येऊ लागले, फायली हलू लागल्या. आणि त्याच राज्यात माणसे चौकशीविना तुरुंगात होती. औरंगाबादच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव त्यांच्यापैकी एक. भालेरावही मुक्तिसंग्रामातले, त्याच चळवळीत वाढलेले. निजामाशी लढलेल्या माणसाला स्वतंत्र देशात, स्वतःच्याच प्रदेशातला मुख्यमंत्री असताना तुरुंग बघावा लागला. शंकररावांच्या शिस्तीचे कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट शेजारी ठेवूनच ते करावे. शिस्त त्यांच्या हातात जिथे हिशेबाची होती तिथे तिने मराठवाड्याला दिले. जिथे ती आज्ञेची झाली तिथे तिने घेतले. मे १९७७ मध्ये, लोकसभेतल्या पराभवानंतर, त्यांना पायउतार व्हावे लागले.

मधल्या वर्षांवरून मी भरभर जातो. महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस, शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात सहभाग, मग काँग्रेसमध्ये परत, १९८० मध्ये नांदेडहून लोकसभा, केंद्रात शिक्षण, नियोजन मंडळ, गृह. पुढे १९९१ ते १९९६ या काळात ते पुन्हा देशाचे गृहमंत्री होते आणि ६ डिसेंबर १९९२, बाबरी मशीद पाडली गेली तो दिवस, त्याच काळात येतो. त्या दिवसाचा विचार या प्रस्तावनेत मावणारा नाही, त्याला स्वतंत्र ग्रंथ लागेल.

मुख्यमंत्रिपदाची दुसरी पाळी मात्र सविस्तर पाहण्यासारखी आहे. १९८३ मध्ये वि. म. दांडेकरांची सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने पुढच्या वर्षी राज्याच्या विभागांमधला अनुशेष मोजून दिला: सुमारे ३,१८६ कोटी रुपये. मागासलेपण असे रुपयांत मोजले जाण्याची ती पहिलीच वेळ. शंकरराव परतले तेव्हा हा आकडा टेबलावर होता आणि तिजोरीत खडखडाट. त्यांनी १९८६-८७ मध्ये शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत आणली. नेहमीच्या पद्धतीत खात्याला गेल्या वर्षी जेवढे मिळाले त्यात थोडी भर घालून यंदाचे मिळते; योजना चांगली की वाईट, चालू आहे की मेलेली, कोणी विचारत नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक योजनेने दरवर्षी पहिल्या रुपयापासून आपली गरज सिद्ध करायची. खातेप्रमुखांना हे मुळीच आवडले नाही. वर्षानुवर्षे नुसत्या पगारापुरत्या जिवंत राहिलेल्या योजना उघड्या पडल्या. हाच तो नांदेडच्या नगराध्यक्षाचा स्वभाव, फक्त वही राज्याएवढी झालेली.

आणि मग आठमाही पाणी. दांडेकर-देऊस्कर-देशमुख समितीपासून अभ्यासकांचे म्हणणे एकच येत गेले होते: कालव्याचे पाणी बारमाही उसाला देण्यापेक्षा खरीप आणि रब्बी अशा आठ महिन्यांच्या पिकांना दिले तर तेवढ्याच पाण्यात कितीतरी अधिक शेतकऱ्यांची जमीन भिजते. हे शास्त्र सगळ्यांना मान्य होते. साखर कारखान्यांच्या राजकारणाला मान्य नव्हते. शंकररावांच्या सरकारने १९८७ च्या सुमारास हे धोरण स्वीकारले. ज्या पक्षाची ताकद साखरपट्ट्यात, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्याने. पश्चिम महाराष्ट्रातून केवढा विरोध झाला असेल याची कल्पना वाचक करू शकतील. जून १९८८ मध्ये ते दिल्लीला अर्थमंत्री म्हणून गेले. मुंबईत धोरण कागदावर राहिले आणि कालव्यांच्या टोकाला उसाचे क्षेत्र वाढत गेले. याला जायकवाडीचे लाभक्षेत्रही अपवाद नाही, हे मराठवाड्यातल्या आपण सगळ्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पैठणच्या कालव्यावरचे पहिले पाणी आज ऊस पितो आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी आवर्तनाची वाट पाहत राहतो.

इथे १९७५ च्या कराराकडे परत यावे लागते. पैठणपर्यंतचे पाणी महाराष्ट्राचे, असे करार सांगतो. महाराष्ट्रात कोणाचे, हे तो सांगत नाही. दोन राज्यांमधला करार ते सांगूही शकत नव्हता. आंध्रच्या आक्षेपाची भीती गेल्यावर नाशिक-नगरकडे मुकणे, भावली, निळवंडे अशी धरणे होत गेली, आणि जुनी दारणा, गंगापूर, भंडारदरा, मुळा ही होतीच. तीही हक्काची, त्याच सहीने राखलेली. पैठणला पोहोचणारे पाणी त्या प्रमाणात घटले. ज्या माणसाने मराठवाड्यासाठी गोदावरीचे वरचे खोरे सुरक्षित केले, त्याच्याच कागदाचा आधार घेऊन मराठवाड्याच्या धरणाआधी पाणी अडवले गेले. आठमाही धोरण वरच्या कालव्यांवर टिकले असते तर खाली सोडायला पाणी उरले असते. म्हणून १९७५ चा करार आणि १९८७ चे धोरण ही दोन प्रकरणे वाचकांनी लागोपाठ वाचावीत अशी माझी विनंती आहे. पहिले दुसऱ्यावाचून अपुरे होते, आणि शंकररावांना ते कळले होते असे मला त्यांच्या दुसऱ्या कारकिर्दीवरून ठामपणे वाटते.

खोऱ्यातल्या खोऱ्यात समन्यायी वाटपाचा कायदा यायला २००५ साल उजाडले. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या त्या कायद्यावर, मेंढेगिरी समितीच्या अहवालावर आणि प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशावर आज आमची सगळी मदार आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. त्याच वर्षाच्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात गेले होते. तरीही तुटीच्या वर्षी ऑक्टोबर आला की मोर्चे, याचिका आणि पोलीस बंदोबस्तातले विसर्ग ठरलेले. शंकरराव २६ फेब्रुवारी २००४ ला गेले. हा कायदा त्यांनी पाहिला नाही. कायद्यात आणि त्याखालच्या आदेशात पाण्याचा हिशेब खोरेनिहाय, टक्केवारीने आणि तारखेवर मांडलेला आहे; तरी १५ ऑक्टोबरला साठ्याची नोंद कोणी घ्यायची, कोणाला कळवायची आणि किती दिवसांत दरवाजे उघडायचे, हे प्रत्येक तुटीच्या वर्षी नव्याने भांडून ठरवले जाते.